काठोकाठ

कुल्याश आपा ड्रेसिंगच्या खोलीत आल्या, पण दाराशीच उभ्या राहिल्या. दीड वर्षांची इंकार आईच्या मांडीवर होती, उजव्या दंडापासून कोपरापर्यंत पांढरी पट्टी. तीन आठवड्यांपूर्वी आपांच्या हातातला उकळता चहा तिथेच सांडला होता. तेव्हापासून आपांनी नातीला हात लावला नव्हता.

अकबोता अल्माटीतल्याच एका प्रयोगशाळेतून आली होती. पट्टीखालचं जेल तिने स्वतः तयार केलं होतं. माणसाच्या अंगावर ते ती आज पहिल्यांदा पाहणार होती. जखम भरली नाही तर मांडीची कातडी काढून लावावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

"पोरी, कातडी वाढवायचं औषध आहे ना त्यात?" आपांनी विचारलं. "मग थोडं थोडं सोडत हात आखडता का घेतेस? सगळं एकदम ओत की!"

"आपा, ते प्रथिन जेलच्या जाळीला बांधलेलं असतं. जाळी जसजशी विरते, तसतसं..."

आपांचा चेहरा कोराच. अकबोताने बोटांत बोटं गुंफून जाळी दाखवली. तरी कोराच.

"आपा," सून मेरुयेर्त मान वर न करता म्हणाली, "पाहुण्याला मी चहा कसा देते?"

तीन आठवडे त्या घरात चहाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"अर्धा पियाला, आणि पुन्हा पुन्हा," आपा हळूच म्हणाल्या. "काठोकाठ दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा."

"तेच!" अकबोता म्हणाली. "थोडं थोडं देत राहिलं की पेशी बसून राहतात, वाढतात. एकदम दिलेलं दोन दिवसांत वाहून जातं." हे आपल्याला का सुचलं नाही, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

आपा सुनेकडे पाहत होत्या. "त्या दिवशी घाईत मीच तुला म्हणाले, काठोकाठ भर."

"आणि मी भरला," मेरुयेर्त म्हणाली.

नर्सने पट्टीचा शेवटचा थर भिजवून अलगद उचलला. अकबोता वाकली. कडांकडून गुलाबी, ओलसर कातडी आत सरकत आली होती. मधे नखाएवढी जागा उरली होती. तिने मोजपट्टी लावून आकडा दोनदा वाचला.

"डॉक्टरांना बोलावते," नर्स म्हणाली, "पण मांडी वाचली हो हिची."

"आणि तुझं ते जेल कुठे गेलं?" आपा कधी जवळ आल्या, कळलंच नाही.

"विरलं. कातडी आली की त्याचं काम संपतं."

"शहाणं आहे. काम झालं की असंच गुपचूप निघावं."

"तुमचं कुठे झालंय काम?" मेरुयेर्तने इंकारला उचलून सासूपुढे धरलं. "पायाला मुंग्या आल्यात माझ्या. घ्या हिला."

आपांचे हात हवेतच थांबले. इंकारने त्यांचं एक बोट पकडलं आणि तोंडात घातलं.