जबड्याचा सांधा

प्रयोगशाळेच्या स्टँडची लोखंडी दांडी फिरवून काढायला सतीशला फार वेळ लागला नाही. ती पाठीमागे धरून त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती. पोरांना नेणाऱ्या जीपा धुरळा उडवत केजकडे निघून गेल्या होत्या.

शाळेच्या पाटीवर 'इंटरनॅशनल' असं लिहिलेलं होतं. सगळ्यात लांबचा विद्यार्थी माजलगावचा, आणि तोही इथे मामाकडे राहायचा.

खरी इंटरनॅशनल शाळा मस्कतला होती. तिथे जीवशास्त्र शिकवायला जायचं, एवढं एकच वेड सतीशने घेतलं होतं. दिल्लीच्या एजन्सीने एकदा झुलवून सोडलं, पुण्याच्या मुलाखतीत इंग्रजी अडलं. या वेळी मात्र सगळं जमत आलं होतं. नमुन्याचा पाठ त्याने मोबाइलवरून याच टेबलापाशी दिला, प्लास्टिकची कवटी हातात धरून. विषय होता 'आपण बोलतो कसे'. कानाच्या पुढे बोट ठेवा, तोंड उघडा, मिटा. हा जबड्याचा सांधा. मोबाइल धरून समोर उभा होता शहादेव, शाळेचा रसायनशास्त्राचा शिक्षक. सतीशचा शब्द अडला की तो नुसते ओठ हलवून सुचवत होता.

सतीशबद्दल चौकशी करायला त्या शाळेला इथलं एक नाव हवं होतं. सतीशने मुख्याध्यापक अमरसिंह सरांचं दिलं.

"दे की," सर हसले होते. "पण त्यान्ला फाडफाड इंग्रजी लागतं. माझी तर बोबडीच वळंल, बाबा. बघतो कसं करायचं ते."

आणि मग गुरुवारी, शिक्षकांच्या खोलीत, शहादेवचा मोबाइल वाजला. नंबर ओमानचा होता. शहादेव झटक्यात उठून व्हरांड्यात गेला. दाराआडून सतीशने त्याचं इंग्रजी ऐकलं. शनिवारी, शाळा सुटल्यावर. हो, मी एकटाच असेन. नाही, कुणालाही सांगणार नाही.

"कोणाचा रे फोन?"

"घरचा," शहादेव नजर चुकवत म्हणाला.

शहादेवच्या घरी इंग्रजी बोलणारं कोणी नव्हतं. आणि मस्कतला जागा एकच होती.

दार करकरलं. शहादेव आत आला, मोबाइल टेबलावर ठेवला आणि सतीशला पाहून थबकला.

"तू अजून हितंच? जा की घरी. चैतालीवहिनी जेवायची थांबली असंल."

"कावून? तुला एकट्यालाच बसायचंय का?"

"जरा काम हाय."

"मस्कतचं?"

शहादेवचा चेहरा उतरला. "सत्या, तुला सांगायचं न्हाई असं कबूल केलतं मी त्यान्ला..."

"माझ्या पाठाला मोबाइल धरलास, अन् माझ्याच ताटात हात घातलास बे?"

"अरे, येड्या, ऐक तर. तुझ्या..."

दांडी फिरली. ती कानाच्या पुढे, नेमकी सांध्यावर बसली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. शहादेव टेबलावर आपटला आणि कवटीला घेऊनच खाली आला. तो उठायच्या आत सतीशने दुसऱ्या बाजूने मारलं. सांधे दोन असतात. तिसरा फटका आडव्या आलेल्या मनगटावर पडला.

फरशीवर दोन दात घरंगळले. शहादेव गुडघ्यांवर आला. त्याचा खालचा जबडा एका बाजूला सरकला होता. त्याने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला; तोंडातून नुसता लाल फेस आला. मग शाबूत हाताने त्याने टेबलावरचा मोबाइल दाखवला, आणि तेच बोट सतीशच्या छातीकडे वळवलं. पुन्हा मोबाइल, पुन्हा छाती.

"हां, तुझ्याच फोनची वाट बघतोय," सतीशने त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. "बोल आता. लई गोड इंग्रजी हाय ना तुझं? बोल की."

मोबाइल वाजला. ओमान.

सतीश तो वाजून बंद होऊ देणार होता. मग त्याच्या मनात आलं, आज उचलला नाही तर मस्कतवाले पुढच्या महिन्यात पुन्हा करतील. जबडा काय, तारा बांधल्या की जुळतो. मूळच उपटलेलं बरं. त्याने हात शहादेवच्या सदऱ्याला पुसले आणि फोन उचलला.

"शहादेव सर?" एका वयस्कर बाईंचा आवाज, नम्र, इंग्रजीतून.

"नाही. ते बोलू शकत नाहीत. मी इथलाच एक शिक्षक." आज त्याचा एकही शब्द अडला नाही.

"अरेरे. आम्हाला निर्णय आजच घ्यायचाय. मग तुम्हालाच विचारू का? मुलांच्या सुरक्षिततेसाठी हा एक प्रश्न आम्ही कुणाच्याही बाबतीत सोडत नाही. तुमचे जे सहकारी इथे येऊ पाहतायत, त्यांनी कधी कुणावर हात उचललेला तुम्ही पाहिलाय?"

सतीशला वाटलं, देवच पावला. त्याने खाली पाहिलं. शहादेव जिवाच्या आकांताने मान हलवत होता, नको, नको. रक्ताचे थेंब सतीशच्या बुटांवर उडत होते.

"पाहिलाय," सतीश म्हणाला. "आज, इथेच, प्रयोगशाळेत. एका सहकाऱ्याला लोखंडी दांडीने मारलं. जबडा मोडलाय त्याचा."

"तुमच्या समोर?"

"माझ्या डोळ्यांदेखत. मॅडम, असा माणूस मुलांजवळ ठेवू नका."

पलीकडे बाईंनी श्वास सोडला.

"म्हणून शहादेव सर फोनवर येऊ शकले नाहीत तर. तुमच्या मुख्याध्यापकांनी चौकशीसाठी मोठ्या विश्वासाने त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांना आधी दवाखान्यात न्या. आणि तुम्हीही जपून राहा," त्यांचा आवाज खाली आला, "सतीश सर अजून तिथेच कुठेतरी असतील."