ओंजळवाडीचा पट

विधिमंडळाच्या समितीत शिक्षण विभागाचा अहवाल आता कोणी वाचत नसे; ओळीवर तळहात ठेवला, की ज्यांच्याविषयी ती लिहिली त्यांचे मन हाताला जाणवे.

ओंजळवाडीच्या शाळेच्या ओळीवर समितीच्या अध्यक्षांचा हात थांबला. “उपसंचालक बाई, पटसंख्या समाधानकारक म्हणता, आणि एकही पोर हाताला लागत नाही. सगळी सहलीला गेली काय?”

समिती हसली. उपसंचालक सुमेधा वाघचौरेंची मान खाली गेली. गेल्या वर्षीचा मजकूर त्यांनी नुसते साल बदलून उतरवला होता.

“शाळा जूनमध्येच बंद झाली, साहेब. आदेशावर सही माझीच होती.”

“मग तसं लिहा.”

सुमेधाबाईंनी लिहिले : ही शाळा मी बंद केली, आणि विसरले.

अध्यक्षांनी बाईंच्या स्वतःविषयीच्या त्या ओळीवर हात टेकवला आणि चटका बसावा तसा उचलला.

“बसा, बाई,” ते हळूच म्हणाले.