पायऱ्या नसलेली जागा

“इथं वारा फार आहे,” थोरला म्हणाला.

झाडाचं पानही हलत नव्हतं. फोटोग्राफरबाईंनी आधी झाडाकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. घरच्या सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा होता आणि त्यासाठी जागा दाखवत त्या सकाळपासून या मंडळींना शहरभर हिंडवत होत्या. एकही जागा पसंतीला उतरत नव्हती. नदीकाठी दगडी पायऱ्या उतरून गेलं की पाण्यात अख्खं आभाळ दिसायचं, तर तिथं धाकट्याला डास दिसले. तेही टळटळीत उन्हात. जुन्या वाचनालयाच्या उंच ओट्यावर थोरल्याच्या बायकोला उगाचच कसंसं वाटलं. आता ही टेकडी. वर एक डेरेदार झाड, त्यामागे पसरलेलं शहर आणि वर जायला दगडी जिना. त्या जिन्याच्या तळाशी उभं राहून थोरल्याला वरचा वारा लागला होता.

खरं कारण टेम्पोजवळ व्हीलचेअरमध्ये बसून संत्रं सोलत होतं.

या घराचा धंदा लोकांची बिऱ्हाडं हलवण्याचा. दोघे भाऊ लोखंडी कपाट घेऊन लिफ्ट नसलेल्या इमारती हसतखेळत चढायचे, पण आईला उचलायची त्यांची छाती नव्हती. खुर्ची घरात आली त्याच दिवशी आईनं बजावलं होतं, मला कुणी उचलायचं नाही. टेम्पोला फळी लावली की ती स्वतः चाकं रेटत वर चढे आणि मागून कुणी मदत केली की त्या हातावर फटका बसे. थोरल्याला आज सकाळीच बसला होता. म्हणून दोघा भावांनी आणि सुनेनं मिळून ठरवलं होतं, फोटो सपाट जागीच काढायचा आणि आईला त्यातलं काही कळू द्यायचं नाही. अभिनयाच्या नावानं मात्र तिघांचीही बोंब होती.

“मग तुम्हीच सांगा, कुठली जागा हवी?” बाईंनी विचारलं.

“बाजारामागचं मैदान,” धाकटा लगेच म्हणाला.

“तिथं गाड्या लावतात.”

“काढायला सांगू की.”

“अहो, मागं नुसती शटरं आहेत. गंजलेली.”

“रंग छान आहे त्यांचा,” सून म्हणाली आणि आपलं आपल्यालाच पटेना म्हणून दुसरीकडे बघू लागली.

बाई भल्या होत्या, पण त्यांनाही ऊन लागत होतं. “म्हणजे तुम्हाला पायऱ्या नको आहेत,” त्या म्हणाल्या. “आधी सांगायचं ना!”

धाकट्यानं डोळे मिटून घेतले.

संत्रं सोलणारे हात थांबले. आईनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. सकाळचे डास, तो वारा, ते कसंसं वाटणं, सगळ्याचा उलगडा तिला एकदम झाला. आधी राग आला, मग वाईट वाटलं. मुलांनी लपवलं याचं नाही. आपल्या धाकानं ही मोठी झालेली माणसं शाळकरी पोरांसारख्या थापा मारत हिंडताहेत, याचं.

“शटरं?” ती म्हणाली. “मी गेल्यावरही तो फोटो भिंतीवर राहणार. आणि माझ्या डोक्यामागं गंजकी शटरं?”

“आई, तसं नाही गं...”

“गप बस. म्हणे डास!”

तिनं जिन्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. हातातली फोड तोंडात टाकली, सावकाश चावून संपवली, बोटं पदराला पुसली.

“टेम्पोत पट्टे आहेत ना?”

“आहेत. कशाला?” थोरल्याला कळलं होतं, तरी त्यानं विचारलं.

“ते झाड खाली आणायला. अरे, उचला मला!”

कपाटाला लावतात तसे पट्टे खुर्चीखालून घेतले. हुकूम आईच सोडत होती. “थोरल्या, तू खालच्या बाजूला. धाकट्या, तू वर. आणि तू गं, याच्याकडे लक्ष ठेव, हा मधेच हसतो.” खुर्ची जमिनीवरून सुटली तशी तिनं डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात आवळून धरले. ते तिघांनीही पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सून तर मुद्दाम पायऱ्यांवरचा पाला बाजूला सारत पुढे निघाली.

अर्ध्या वाटेवर आईनं डोळे उघडले.

“कपाटं अशीच नेता का रे? मग लोक तुम्हाला परत बोलावतात तरी कसे?”

धाकट्याला हसू फुटलं. खुर्ची डुचमळली, आईनं किंचाळून एक ठेवणीतली शिवी हासडली आणि मग तिलाही हसू आवरेना. घाम पुसायला हात मोकळा नसल्यानं थोरला तसाच निथळत राहिला, पण हसत तोही होता.

वर झाडाखाली खुर्ची टेकवली. आई पाहत राहिली, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. किती दिवसांनी ती एवढ्या उंचावर आली होती. फोटोग्राफरबाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“मग, कशी वाटली जागा?”

“बरी आहे,” आई म्हणाली. “आणखी कुठं कुठं पायऱ्या आहेत?”

थोरला मटकन खाली बसला. धाकट्यानं मात्र सोडलेला पट्टा पुन्हा खांद्यावर घेतला.