नेमकं गिऱ्हाईक

त्यानं आत येऊन दाराला कडी घातली आणि एक शब्दही न बोलता तिच्या थोबाडीत दिली. ती शिलाई मशीनवर आपटली. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं.

"सापडलीस!" नवरा म्हणाला. "दोन वर्षं शोधतोय तुला. आणि तू कुठं, तर गाडीनं अर्ध्या तासावर! पिशव्या शिवतेस होय?"

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यानं फोन तिच्या नाकासमोर धरला. पडद्यावर निळी कापडी पिशवी. खाली दुकानाचा पत्ता, 'फक्त आज, दुपारी बारा ते दोन', आणि शेवटी टॅग: #गुंडूमाऊचीपिशवी.

"गुंडूमाऊ! पोरीचं लाडाचं नाव, घरातल्या तिघांना माहीत असलेलं. मी रोज टाकून बघत होतो. आज सकाळी आलं की वर! अक्कल कुठं गहाण ठेवलीस गं?"

गुंडूमाऊ सात वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ही बाई मोडलेला हात गळ्यात अडकवून घरातून निसटली, तेव्हा पोरीचा दंड त्यानं सोडला नाही. पुढं कोर्टानं आईचा पत्ता गुप्त ठेवून पोरगी तिला दिली. कागद झाला, शिक्का बसला. पण नुसत्या कागदानं पोरगी येते का घरी? या बाईची थोरली बहीण, ताई, दोनदा कोर्टाचा माणूस घेऊन गेली. दोन्ही वेळा हा गॅरेजमधला पाना उगारून दारात उभा. कोर्टाचा माणूस असा पळाला की एक चप्पल तिथंच राहिली. खाली गॅरेज, वर घर. हा मेला तिथून हलायचाच नाही.

"ती कुठाय?" तिनं विचारलं.

"घरात. बाहेरून कुलूप घालून आलोय." त्यानं खिशातली किल्ली वाजवून दाखवली. "पोरीचं तोंड बघायचं असेल तर गुमान गाडीत बस."

मग तो दुकानावर तुटून पडला. कात्री घेऊन दोरीवरच्या सगळ्या पिशव्या फाडल्या. मशीन उचललं आणि फरशीवर आदळलं. चाक निखळून कपाटाखाली गेलं. दोन वर्षं त्या मशीननं तिला जगवलं होतं.

दारावर धपाधप थापा पडल्या. "पोरी! काय चाललंय आत? दार तोडू का?"

शेजारच्या गाळ्यातले सुतारकाका होते ते. टॅग लावायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. आधी त्यांनी स्वतः #फर्निचर लावून बघितलं, तेव्हा कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. मग #बुटक्यांचंस्टूल लावलं आणि आठवड्यात नऊ स्टुलं गेली. "लाखो लोक लावतात त्या टॅगात आपण हरवून जातो, पोरी," ते सांगायचे. "आपलं गिऱ्हाईक काय शोधतंय ते आधी ओळखायचं. नेमका शब्द लावला की नेमकं गिऱ्हाईक येतं."

"नको, काका," ती आतून म्हणाली. "गिऱ्हाईक आहे."

नवरा खूश झाला. एवढी सरळ आलेली बायको त्यानं कधी बघितली नव्हती. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला दाराकडे ओढायला लागला. घड्याळात पाऊण वाजायला आला होता.

"तुझ्याबरोबर येऊ?" ती म्हणाली. "अरे, तुझी सख्खी आईसुद्धा तुझ्याबरोबर राहिली नाही."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कापड मोजायची लाकडी पट्टी त्यानं हातात घेतली. पाठीवर, दंडावर, पोटरीवर, दिसेल तिथं तो मारत सुटला. मार पडताना तोंड उघडायचं नाही, हे तिला आठ वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. पण आज काय झालं होतं कुणास ठाऊक. तो दमून दाराकडे वळला की ही काहीतरी बोलायची.

"दमलास? एवढ्यातच?"

पुन्हा मार.

"गावभर हसतात तुला. बायको पळाली म्हणून."

पुन्हा मार. पट्टी मोडली. मग त्यानं लाथा घातल्या. ती भिंतीशी मुटकुळं करून पडली, पण डोळे घड्याळावरच होते. एक वाजला. एक वाजून पाच झाले. बाहेर काकांची सावली दाराखालच्या फटीतून दिसत होती. ते तिथून हलले नव्हते.

त्याचा फोन वाजला. धापा टाकत तो स्टुलावर टेकला आणि सवयीनं पडदा बघितला. ज्या टॅगवरून त्यानं बायको शोधली होती, त्या टॅगखाली दुसरा फोटो आला होता.

फोटोत गुंडूमाऊ होती. पुढचे दोन दात पडलेले, खांद्याला निळी पिशवी. तिच्या एका बाजूला पोलीसबाई, दुसऱ्या बाजूला कोर्टाचा माणूस, या खेपेला दोन्ही चपला घालून. मागं त्याच्याच घराचं दार सताड उघडं होतं. आणि ताईच्या हातात तोडलेलं कुलूप.

त्यानं खिशातली किल्ली चाचपली. मग त्यानं बायकोकडे बघितलं आणि फरशीवरच्या कात्रीकडे हात नेला.

ती भिंतीला धरून उभी राहिली. फुटलेल्या ओठांनी ती हसत होती, आणि हसताना रडतही होती.

"काका!" सगळा जीव गोळा करून ती ओरडली. "गिऱ्हाइकाचं काम झालं! आता तोडा दार!"