शुक्रवारची तलवार

योगिनी पुन्हा सगळ्यांत आधी मेली. पडद्यावरची तलवारवाली गुडघ्यांवर कोसळली आणि डोंबिवलीच्या वन बीएचकेत योगिनीने चटका बसल्यासारखा फोन गादीवर ठेवला.

दर शुक्रवारी तीन ते चार हा खेळ असायचा. ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, पण निम्मे लोक घरून काम करणारे. त्यांच्यात एकोपा वाढावा म्हणून एचआरने काढलेली टूम. लॅपटॉपवर मीटिंग लावायची, फोनवर लढायचं, पाच विरुद्ध पाच. विनीत आणि सुदेशने बंदुका घेतल्या. उत्तमसर साहेब असल्यामुळे धनुष्य घेऊन सगळ्यांच्या मागे उभे राहिले. रुचिता जखमींना बरं करणारी वैद्य झाली. उरली तलवार. तलवार चालवायची तर शत्रूच्या नाकापर्यंत जावं लागतं, म्हणून ती कुणालाच नको होती. गॅसचा नॉब तीनदा तपासल्याशिवाय भाजी आणायला खाली न उतरणाऱ्या बाईच्या वाट्याला ती आली.

पहिल्या शुक्रवारी ती प्रत्येक डावात डोळे मिटून सरळ धावत सुटली आणि दहाव्या सेकंदाला मेली. दुसऱ्या शुक्रवारी ती एका खांबामागे उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाही. मॅडमनी खांब छान सांभाळला, असं विनीत म्हणाला.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. उत्तमसरांनी तिला घरून काम करायला दिलं होतं ते एका अटीवर: कामाच्या वेळात मुलीला बघायला घरात कुणीतरी हवं. सासूबाई आहेत, असं तिने सांगितलं होतं. तेव्हा त्या होत्याही. मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगला कंटाळून त्या नौपाड्याच्या आपल्या घरी परत गेल्या. त्याला दोन महिने झाले, आणि योगिनीने ते ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. परवानगीची मुदत महिनाअखेर संपत होती. तोवर दीड वर्षाची क्षिप्रा मांडीवर आणि मीटिंगचा माइक बंद, असं तिचं ऑफिस चालू होतं. माइक बंद आहे ना, हेही ती तीनदा बघायची.

तलवार तिला क्षिप्राच्या खोकल्याने शिकवली. औषध दिवसातून तीनदा, त्यातलं एक नेमकं तीन वाजता. समोरून चमचा नेला की क्षिप्रा हात मारून तो उडवायची. मग योगिनीला युक्ती सापडली. चमचा पाठीमागे धरायचा. तिचे दोन्ही हात खेळण्यांत अडकेपर्यंत थांबायचं. बाजूने जायचं, गालाच्या आत ओतायचं आणि ती थुंकायच्या आत मागे सरकायचं. तिसऱ्या शुक्रवारी तिने समोरच्या बंदूकवाल्याला हेच औषध दिलं. तो गोळ्या भरण्यात गुंतला होता. ती बाजूने गेली, सवयीने पुटपुटली, "आ कर... आ... झालं," आणि तो आडवा झाला.

त्यानंतर ती मेली ती क्वचित. ती घुसली की का कोण जाणे, बाकीचे चौघेही त्याच क्षणी येऊन धडकायचे. आपल्याला वेळेचं भान उपजतच आहे, असं तिला वाटायला लागलं. कणीक मळताना तिचे खांदे थोडे रुंद व्हायचे.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एचआरच्या टीमशी फायनल होती. तीनपैकी दोन डाव जिंकायचे. पहिला योगिनीच्या टीमने जिंकला. दुसरा सुरू होता होता योगिनीला फोनच्या कोपऱ्यात एक बारीकसं हिरवं चिन्ह दिसलं. गेमला स्वतःचा वेगळा माइक होता, आपल्याच टीमला ऐकू जाणारा. तो चालू होता. पहिल्या शुक्रवारपासून चालू होता.

तिचे कान तापले. आपण काय काय बोललो ते एकेक करून आठवलं. शी झाली का गं. नाक पूस. आजी नाहीये ना आता, मग मीच भरवणार. सरांचं भाषण संपेस्तोवर एक घास खा. तिने तो माइक बंद केला. मग, बंद झाला ना, ते तीनदा बघितलं.

दुसऱ्या डावात तिने नेमका क्षण साधला. बाजूने घुसली. पण तिच्यामागे कुणीच आलं नाही. ती एकटीच मेली, आणि त्या मागोमाग टीमही हरली.

 तिने मीटिंगचा माइक सुरू केला आणि सांगून टाकलं, की गेममधला आवाज चालू होता हे तिला माहीत नव्हतं, आत्ता तो बंद केलाय, सॉरी.

"अगं, बंद कशाला केलास?" रुचिता म्हणाली. "तू 'आ कर' म्हणालीस की आम्ही घुसायचो. तुला सांगितलं असतं तर तू तेव्हाच बंद केला असतास."

योगिनी उत्तमसर काय बोलतात त्याची वाट बघत राहिली. त्यांनी घसा खाकरला.

"आजी घरी नाहीत, हे आम्हाला कधीच कळलंय," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यातही तुम्ही घरूनच काम करणार, असं मी सकाळीच वर कळवून टाकलंय. मुलीचा खोकला कसा आहे ते नंतर सांगा. आधी तो माइक चालू करा."

तिसरा डाव. माइक हिरवा. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पाठीमागे धरलेला चमचा, कारण औषधाची वेळ टळून गेली होती. समोरचा गोळ्या भरायला वाकला. योगिनीने श्वास रोखला.

"आ कर."

साहेबांसकट चार मोठी माणसं त्या शब्दासरशी धावत सुटली. मांडीवरच्या क्षिप्राने तेवढं तोंड घट्ट मिटून घेतलं.