चिमणीचा दुसरा दिवस

कोंडाजी पायातल्या चपला न काढताच चौथीच्या वर्गात शिरला आणि हातातला चुरगळलेला कागद त्याने सावळीराम गुरुजींच्या टेबलावर टाकला.

"गुरुजी, ही विहीर कुणाची?"

गुरुजींनी कागद सरळ केला. त्यांचाच होता. अपूर्णांक म्हटलं की पोरं मान खाली घालून बसत, म्हणून यंदा त्यांनी पाठकोऱ्या कागदांवर चौकटी आखून चित्रकथा काढायला सुरुवात केली होती. कार्बन घालून प्रत्येक पोराला एकेक प्रत देत. चित्रांतली पाखरं बोलायला लागल्यापासून गणिताच्या तासाला कुणी घरी राहत नव्हतं.

या कथेत कावळा, पोपट, साळुंकी आणि चिमणी यांची मिळून एक विहीर होती. चौघांचा हिस्सा सारखा, चार-चार आणे. पाण्याची पाळी आठ दिवसांची. पोपट आणि साळुंकी दोन-दोन दिवस पाणी घेत, कावळा तीन दिवस घेई आणि चिमणीला एकच दिवस मिळे. शेवटच्या चौकटीत चिमणी कावळ्यापुढे उभी होती. तिच्या तोंडापुढचा फुगा गुरुजींनी मुद्दाम कोरा ठेवला होता. ती काय म्हणेल, ते पोरांनी हिशेब करून लिहायचं.

या कागदावरच्या फुग्यात लिहिलं होतं, "आठाचा चौथा हिस्सा दोन. माझा दुसरा दिवस दे." अक्षर वर्गातल्या नवसाचं होतं.

"विहीर कुणाचीच नाही, कोंडाजीराव," गुरुजी म्हणाले. "गणितातली आहे."

"गणितातली? मंग काल माझी भावजय हा कागद घेऊन विहिरीवरच्या इंजिनापाशी का बसली?"

तिसऱ्या रांगेतल्या नवसाने वर पाहिलं. ती कोंडाजीच्या भावाची मुलगी. भाऊ जाऊन तीन वर्षं झाली होती, हे गुरुजींना ठाऊक होतं. विहिरीचं ठाऊक नव्हतं. ते आत्ता कळलं.

"साळूबाईला अक्षर वाचता येत नाय," कोंडाजी म्हणाला. "पोरीने वाचून दाखवलं. तर ही बाई चारचौघांदेखत मला म्हणती, भावजी, आमचा दुसरा दिवस कुठं हे?" त्याने पुढ्यातली खुर्ची ओढली आणि तो बसला. "म्हंजे हा कावळा मीच का?"

पोरं हसली. कोंडाजीने मागे वळून पाहिलं, तशी गप्प झाली.

"मला तुमच्या विहिरीची काहीच कल्पना नव्हती," गुरुजी म्हणाले. "हिशेब मात्र पोरीने बरोबर केलाय."

"केला असंल." कोंडाजीचा आवाज एकदम मऊ झाला. "तुमच्या घरी वहिनी कशा हेत? दर आठवड्याला नाशिकला दवाखान्यात न्यावं लागतं ना त्यांना?"

"हो."

"सुरगाण्याकडं एक शाळा रिकामी हे म्हणतात. मास्तर टिकत नाय तिथं. पावसाळ्यात तर जीपसुद्धा मिळत नाय. तिथनं नाशिक लय लांब पडंल हो तुम्हाला."

कोंडाजी शाळा समितीत होता, आणि दिंडोरीत तालुक्याच्या कचेरीत तो कुणाकुणाबरोबर चहाला बसतो, हे साऱ्या गावाला माहीत होतं. गुरुजींनी टेबलावरची पट्टी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"मी काय करावं म्हणता?"

"मी काय सांगणार? गुरुजी तुम्ही. पोरीचं गणित चुकलं, येवढं तिला सांगा. आत्ता. माझ्यासमोर."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींनी हजारो वह्यांवर फुल्या मारल्या होत्या. चित्रांच्या कागदावर मात्र एकही नाही. इथे कुणाचं चुकलं, तर ते शेजारी दुसरा कोरा फुगा काढून देत. म्हणत, चिमणीला परत विचार करू दे.

त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली.

"नवसा, इकडे ये."

ती आली. टेबलाशी उभी राहिली आणि फुग्यावर आडवी-उभी ओढली जाणारी तांबडी रेघ बघत राहिली.

"तुझं चुकलं. चिमणीचा एकच दिवस."

"कसा, गुरुजी? परवा तुम्हीच तर शाबास म्हणालात."

"चिमणी लहान असते," गुरुजी म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "तिला एक दिवस पुरतो."

कोंडाजी उठला. पुतणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "ऐकलं ना? जसंच्या तसं सांग आईला." दारात थांबून तो गुरुजींकडे वळला. "पण चित्रं लय झ्याक काढता हां तुम्ही."

तो गेल्यावर गुरुजींनी पोरांकडून सगळे कागद मागून घेतले. चौदाही मोजून कपाटात ठेवले, वर कुलूप लावलं. मग शासनाचं गणिताचं पुस्तक उघडलं. त्यात चित्र नव्हतं.

"चला, तोंडी गणित," ते म्हणाले. "आठाचा चौथा हिस्सा किती?"

एकही हात वर झाला नाही. पोरं पुढे बघेनात. सगळी नवसाकडे बघत होती.

"अरे, कालपर्यंत येत होतं की सगळ्यांना! सोपं आहे. नवसा, तू सांग."

नवसा उभी राहिली.

"कुणाच्या विहिरीतला, गुरुजी?"