ज्योतिबाच्या गाडीतला बिघाड

विट्याच्या ज्योतिबाच्या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नाही. ‘माझ्या जुन्या मोटारसायकलचा हॉर्न दाबला की दिवा विझतो. तुझं वाचन दांडगं, एकदा येऊन बघ,’ एवढंच त्यानं लिहिलं होतं. त्याच्यासमोर बिघाड सापडलाच नाही तर, या धास्तीनं मी साताऱ्यात वायरिंगची पुस्तकंच वाचत राहिलो.

काल एसटी स्टँडवर त्याचा मुलगा अमृत भेटला. मी चाचरत विचारलं, “गाडीचा दिवा झाला का नीट?”

“कुठली गाडी? आवं काका, ती कवाच इकली आण्णांनी! आई गेली त्याच साली. तीन वर्सं झाली की.”


म्हणजे ते पत्र आलं तेव्हा गाडी विकून वर्ष झालं होतं. आज पोस्टकार्ड पेटीत टाकलं: ‘ज्योतिबा, रविवारी येतो. टेस्टर, पक्कड काही आणत नाही.’